गरम पाण्यावरच्या गारा

कॉलेजात कोणी विचारलं, सुट्टीत काय करतेस, तर मी ‘रिसॉर्टवर कामाला जाते’ एवढंच सांगते. पुढे विचारलंच तर सांगावं लागतं, की मी तिथे झाकणं सांभाळते. मग समोरचा हसतो. मीही हसते, कारण पहिल्या दिवशी मलाही ते हसण्यासारखंच वाटलं होतं. आमच्या घरात बारावीच्या पुढे शिकणारी मी पहिलीच. आईला वाटलं होतं, शिकलेल्या मुलीला खुर्चीत बसवतील, फोन घ्यायला लावतील. मी घरी येऊन सांगितलं, मला मोठं झाकण पुसायचं काम मिळालंय. आई म्हणाली, “कसला झाकण गो मनीषा? टोपाचा?”

आमच्या सरांनी या अंकासाठी कामाबद्दल लिहायला सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं. अशा अंकांत लिहिणारी माणसं आयुष्यभर काम केलेली असतात. माझं काम शनिवार-रविवारचं आणि सुट्टीचं, आणि तेही अजून चालूच आहे. पण एका सोमवारी त्या झाकणावर जे झालं ते मला कोणाला तरी नीट सांगायचं होतं. घरी सांगून झालंय. घरचे मधेच बोलतात.

धसईहून डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं रिसॉर्ट आहे. झाडीत विखुरलेली थोडी कॉटेजेस, प्रत्येक कॉटेजच्या मागे दगडी कडेचा, लाकडी फळ्यांचा ओटा, आणि ओट्यावर एक टब. कोणी त्याला हॉट टब म्हणतं, कोणी जकुझी. फायबरचं मोठं भांडं समजा, आत बसायला पायऱ्या, कडेने पाण्याचे फवारे. पाणी चोवीस तास गरम ठेवायचं असतं, कारण गार पाण्याने भरलेला टब नुसत्या हीटरवर तापायला जवळजवळ अख्खा दिवस घेतो. आणि तापलेलं पाणी टिकवायचं काम हीटर करत नाही. ते झाकण करतं.

हे झाकण म्हणजे थर्माकोलसारख्या जाड फोमचे दोन अर्धे तुकडे, वरून रेक्झिन शिवलेलं, मध्ये घडी. उघडताना आधी एक अर्धा दुसऱ्यावर दुमडायचा, मग दोन्ही मिळून मागे सरकवायचे. चार कोपऱ्यांना पट्टे असतात, ते टबाला अडकवायचे. कल्याणहून टब दुरुस्तीला येणारा मिस्त्री मला पहिल्या दिवशी म्हणाला होता, “याच्यावर कधी वजन ठेवायचं नाही. वरून पलंगासारखं दिसतं, पण खाली पाणी आहे हे विसरायचं नाही.” मधल्या घडीवर कोणी उभं राहिलं, तर दोन्ही अर्धे आत वळतात, माणूस पाण्यात जातो आणि झाकण त्याच्या डोक्यावर येतं. म्हणून झाकणावर काही साठू द्यायचं नाही. पाला नाही, पाणी नाही. शिवणीतून पाणी आत गेलं, की फोम ते पिऊन घेतो आणि काही महिन्यांनी झाकण इतकं जड होतं, की दोन माणसांना उचलत नाही. मग ते फेकूनच द्यावं लागतं.

पाहुण्यांना यातलं काही माहीत नसतं, आणि त्यांचा तरी काय दोष. एक साहेब फोटो काढायला बरोबर मधल्या घडीवर मांडी घालून बसले होते, योगासनासारखे, डोळे मिटून. मी ‘सर, सर’ करत राहिले. मला मोठ्या माणसांवर ओरडता येत नाही. तेवढ्यात मागून आवाज आला, “ओ! उठा तिथून! बुडाल आन आमच्या अंगावर याल!” साहेब डोळे उघडून असे उठले, की चप्पल तिथेच राहिली.

तो आवाज चांगुणामावशीचा.

चांगुणामावशी आमच्या आधीपासून तिथे आहे, म्हणजे होती. रिसॉर्टच्या वरच्या अंगाला डोंगरात तिची वाडी. कॉटेजेसची झाडलोट, चादरी आणि टबाची घासघूस हे तिचं काम. पाण्यात औषध किती टाकायचं, फिल्टर कधी धुवायचा हे माझ्याकडे, आणि हाताने करायचं सगळं तिच्याकडे. टबाला ती ‘डोणी’ म्हणायची, गुरांना पाणी पाजायची दगडी डोणी असते ना, तशी. “आज कुठल्या डोणीत माणसं सोडलीस?” असं मला विचारायची. एका दिवाळीत ठाण्याचं एक कुटुंब आलं होतं. त्यांनी नरकचतुर्दशीची आंघोळ टबातच केली. आजोबांपासून नातवापर्यंत सगळे अंगाला तेल लावून, उटणं लावून त्यात उतरले. आनंदात होते, आम्हालाही फराळ दिला. पण ते गेल्यावर टबाच्या कडेला तेलाचा आणि उटण्याचा असा थर बसला होता, की फिल्टर काढून पाहिला तर तो चकलीच्या साच्यासारखा गच्च. मावशी गुडघे टेकून दिवसभर घासत होती, आणि घासता घासता म्हणत होती, “वास मातर चांगला येतोय गो.”

गुडघे टेकणं तिला जड जायचं. पावसाळ्यात चिखलात भाताची आवणी, एरवी ही फरशी. उठताना ती आधी एक हात भिंतीला लावायची, मग दुसरा माझ्या खांद्याला. मी शनिवार-रविवारी असायचे. इतर दिवशी ती कोणाच्या खांद्याला धरून उठत असेल, हा विचार मी तेव्हा केला नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात तिने काम सोडायचं ठरवलं. उंबरमाळीला तिची मुलगी दिली आहे. मुलीचे दिवस भरत आले होते आणि सासरी करणारं कोणी नव्हतं. मावशी जाणार म्हटल्यावर आमचे मॅनेजर दिनेशदादा तिला म्हणाले, “मावशे, साडी कुठल्या रंगाची आणू सांग. तुला देऊन पाठवायचीय.” दिनेशदादा किन्हवलीचे. वरून कडक माणूस. रोज मोटरसायकलवर येतात, आणि हेल्मेट काढायच्या आधी कुठे काय बिघडलंय ते बघतात.

मावशीने हातातली चादर घडी करून ठेवली. मग म्हणाली, “साडी नको. मना एकदा त्या डोणीत बसायचाय.”

आम्ही हसलो. मग ती हसत नाही हे बघून थांबलो. दिनेशदादा म्हणाले, “बघतो.” मालकीणबाई मुंबईला असतात, त्यांना त्यांनी फोन केला. मॅडम म्हणाल्या, सोमवारी पाहुणे नसतील तेव्हा बसू दे. मंगळवारी सकाळच्या गाडीने मावशी उंबरमाळीला जाणार होती आणि मंगळवारीच नवे पाहुणे येणार होते. म्हणजे तो एकच सोमवार. माझी परीक्षा संपली होती, म्हणून मीही थांबले.

त्या सोमवारी मावशी एक पिशवी घेऊन आली. मला बाजूला बोलावून तिने आतली साडी दाखवली. निळी, नायलॉनची, कडक घडीची.

“लग्नाला चाललीस का मावशी?”

“येडे, सुती नको ना तुमच्या डोणीत? धागं सुटतात, फिल्टरात जातात. तूच बोंबलतेस ना लोकांवर? मनून ही मागून आणली, पुतण्याच्या बायकोची.”

नियमाप्रमाणे टबात उतरण्याआधी आंघोळ करायची असते. तिने तीही दुपारीच करून ठेवली होती. साबण सगळा निघाला का, असं मला दोनदा विचारलं. सगळं काम उरकून संध्याकाळी उतरायचं ठरलं. शेवटच्या कॉटेजचा टब मी सकाळपासून तयार ठेवला होता. पाण्यात हात घालून पाहिलं तर बाळाच्या आंघोळीसारखं पाणी.

दुपार कलली आणि डोंगराच्या बाजूने आभाळ काळं झालं. आमच्याकडे त्या दिवसांत कधीमधी वळीव येतो, त्याचं कोणाला काही नसतं. मी स्वयंपाकघराच्या पडवीत बसले होते; समोर मोकळी जागा आणि तिच्या पलीकडे शेवटच्या कॉटेजचा ओटा. मावशी मागच्या कुंपणाची फांदी तोडून कोयता हातात घेऊन येत होती. एकदम वारा सुटला, आणि पत्र्यावर कोणी खडी ओतावी तसा आवाज झाला.

“गारा!” मी ओरडले. माझं मलाच ऐकू आलं नाही.

मावशी पडवीत आली आणि वळली. हातातला कोयता तिने डोक्यावरून मागे नेला आणि समोरच्या मोकळ्या जागेत भिरकावून दिला.

बाहेरच्या वाचकांना हे विचित्र वाटेल. आमच्याकडे गारा पडायला लागल्या, की अंगणात लोखंड टाकतात. कोयता, विळा, नाहीतर पळी. लोखंड पडलं की गारा थांबतात असं म्हणतात. माझी आई उलथणं टाकते. विज्ञानाच्या पेपरात मी असं लिहिणार नाही, पण माझ्या हातात तेव्हा कोयता असता, तर तो माझ्याही हातातून सुटला असता. म्हणून मावशीने टाकला तेव्हा तो कुठे पडला हे मी पाहिलंसुद्धा नाही. बाहेर सगळं पांढरं झालं होतं. कैऱ्या पडत होत्या, पानं फाटून पडत होती, आणि समोरचं झाडदेखील दिसत नव्हतं.

मग गारा थांबल्या. जशा आल्या तशाच, एकदम.

“बघितलंस?” मावशी म्हणाली. “थांबल्या.”

लाईट गेली होती. दिनेशदादा ऑफिसातून डोक्यावर खुर्चीची उशी धरून धावत आले. “धसईच्या रोडला पोल पडला असणार. आज काय लाईट येत नाय. फोनला पण रेंज नाय.” आणि मग आम्हा तिघांना एकाच वेळी टब आठवला.

शेवटच्या कॉटेजचं छप्पर पत्र्याचं आहे आणि त्याचा उतार ओट्याकडे. छपरावर पडलेल्या सगळ्या गारा घसरून झाकणावर आल्या होत्या. मी असं कधी पाहिलं नव्हतं. झाकणावर पांढरा ढीग, माझ्या कोपरापर्यंत उंच, आणि त्यातून थंड वाफ निघत होती. मधल्या घडीपाशी झाकण वाकलं होतं. थोडंच, पण मला ते लगेच दिसलं. नेहमी बघणाऱ्याला दिसतं.

मावशीने ढिगाकडे पाहिलं. “पाणी गेला का गो गार?”

“नाही मावशी. झाकण बंद आहे तोवर आत गरम आहे.”

आणि हेच अवघड होतं. झाकण उघडलं, तर गारांचा ढीग घसरून पाण्यात पडणार. लाईट नाही, हीटर बंद. एकदा पाणी गार झालं, की ते उद्यापर्यंत गार. ढीग तसाच ठेवला, तर घडी फाटणार, किंवा वितळलेलं पाणी शिवणीतून आत जाणार. आणि सोमवारची संध्याकाळ समोर आलीच होती.

दिनेशदादा फावडं घेऊन आले. मी त्यांच्या आणि टबाच्या मध्ये उभी राहिले. मला त्यांची भीती वाटते, अजूनही वाटते. पण मी म्हटलं, “दादा, फावडं नको. रेक्झिन कापेल.”

“मग काय, फुंकून उडवू?”

“आधी मेन स्विच बंद करा. ओटा सगळा ओला आहे. मधेच लाईट आली तर.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग जाऊन स्विच बंद करून आले. येताना मी सांगितल्याप्रमाणे गोणपाटं आणली. गारांवर पाय ठेवला की गोट्यांवर ठेवल्यासारखा सरकतो. ओट्यावर गोणपाटं अंथरल्याशिवाय मी मावशीला जवळ येऊ दिलं नाही. तिचे गुडघे मला माहीत होते. दिनेशदादा म्हणाले, गरम पाणी ओतू का, लगेच वितळेल. मी नको म्हटलं, सगळं पाणी शिवणीतच जाईल. फुलझाडू होता, पण ढीग त्याला ऐकेना. ओल्या गारा एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. हवं होतं ते हलकं, रुंद, कडेला धार नसलेलं काहीतरी. मी आठवत होते, काय आहे, काय आहे, आणि मला जेवणघराची भिंत आठवली.

आमच्या जेवणघराच्या भिंतीवर सुपं टांगलेली आहेत. मुंबईहून सजावट करणारा कोणी आला होता, त्याने लावली. त्यांच्यावर पांढऱ्या रंगाने माणसं, झाडं काढलेली. पाहुणे त्यांच्यापुढे उभे राहून फोटो काढतात. मावशी जेव्हा जेव्हा तिथून जायची तेव्हा म्हणायची, “सूप टांगून ठेवलाय. पाखडायला दाणा नाय.” मी धावत गेले, स्टुलावर चढून दोन सुपं काढली आणि आले.

मावशीने सूप हातात घेतलं आणि गारांनंतर पहिल्यांदाच हसली. “ह्याला आज काम भेटला.”

सुपाची कड बांबूची, तिने रेक्झिनला काही होत नाही. आम्ही दोघी दोन बाजूंना उभ्या राहिलो. मी सांगितलं, मधल्या घडीपासून बाहेर काढायचं, आणि दोन्हीकडून बरोबर. एकाच बाजूचं काढलं तर दुसऱ्या बाजूला भार होऊन झाकण तिरकं होतं. टबावर वाकायचं नाही, झाकणावर हात टेकायचा नाही. हात पोचत नाही तिथे सूप लांब धरायचं. मावशीने सूप ढिगाखाली सारलं, जरासं हलवलं, आणि उचललं. एकही गार परत पडली नाही. मी सारलं तर निम्म्या गारा परत झाकणावर.

“मने, ओढू नको. तिला चढू दे. सूप थोडा तिरका धर आन हलव, ती आपली आपण चढते.”

मग जमायला लागलं. सुर् असा आवाज, आणि एक सूपभर गारा ओट्याबाहेर. तिचं सूप भरलं, की ती माझं भरेपर्यंत थांबायची. तशीच सूप धरून उभी राहायची, म्हणजे दोन्ही बाजूंचं वजन सारखं उतरेल. तिचे हात लाल झाले होते. दिनेशदादांनी फावडं ठेवून दिलं होतं आणि खाली पडलेल्या गारा ओट्याच्या कडेवरून पायाने ढकलत होते. मधेच त्यांनी एक गार उचलून तोंडात टाकली. मी पाहिलं हे पाहून म्हणाले, “काय? लहानपणी खायचो.”

ढीग कमी झाला. झाकण हळूहळू सरळ झालं. ते सरळ होताना मला जो आनंद झाला तो सांगितला तर लोक परत हसतील.

आणि मग माझ्या सुपाला काहीतरी लागलं. खरर् झालं. मी हात घालणार तेवढ्यात मावशीने सूप मधे घातलं. “हात नको घालू.” तिने वरच्या गारा फुलझाडूने हळूच बाजूला केल्या. लाकडी मूठ दिसली. मग पातं.

कोयता झाकणात रुतून उभा होता. ओट्याच्या दगडी कडेवर आपटून उडाला असणार. पत्र्याच्या आवाजात आम्हाला कळलंच नाही. त्याच्याभोवती रेक्झिन दोन वितींपेक्षा जास्त फाटलं होतं. आतला पांढरा फोम दिसत होता.

छपरावरून एकेक गार सुटून पडत होती, तिचाच आवाज.

मावशी ओट्याच्या पायरीवर बसली. सूप अजून तिच्या हातातच होतं.

मी कोयता सांभाळून काढला आणि फट तपासली. पातं फोममध्येच अडकलं होतं, आरपार गेलं नव्हतं. पाणी वाचलं होतं. मी तसं सांगितलं. मग न विचारता आणखी एक गोष्ट सांगितली, “दादा, मोठ्या गारेनेपण असं फाटू शकतं.”

दिनेशदादांनी फटीवरून बोट फिरवलं. “गार असा सरळ नाय फाडत, मनीषा.”

“गारेवर कशाला ढकलतेस?” मावशी म्हणाली. माझ्यावर रागावली होती. “गारेला काय हात हायेत? कोयता माझा. मी टाकला. दिनेश, मॅडमला माझा नाव सांग. चांगुणाने फाडला मनून सांग.”

मला आजवर खूप माणसांचं कौतुक वाटलं आहे. आमच्या सरांचं वाटतं, पहिल्या आलेल्या मुलींचं वाटतं. पण त्या पायरीवर बसून ती जे बोलली, तसं मला बोलता येईल का, हे मी तेव्हापासून स्वतःला विचारते. मी तिला वाचवायला खोटं बोलत होते आणि तिला ते नको होतं. तिला काय हवं होतं ते तर समोर झाकणाखाली होतं.

“मी काय आता उतरायची नाय,” ती म्हणाली. “सा वर्सं पुसला त्याला. तेल काढला, पाला काढला. पोरांना वर चढू दिला नाय. आन जायच्या दिशी मीच फाडला. कुठल्या तोंडाने उतरू?” तिने पिशवी उचलली. निळी साडी वरच होती.

दिनेशदादा फोन उंच धरून फाटकापर्यंत जाऊन आले. रेंज नव्हतीच. म्हणजे विचारायला कोणी नव्हतं आणि ठरवायचं त्यांनाच होतं. ते परत आले, कोयता हातात घेऊन उलटसुलट केला.

“माझी आय पळी टाकते,” ते म्हणाले. “पळीने फाटला नसता, एवढाच.”

मावशीने वर पाहिलं नाही.

“ऐक मावशे. ह्या कव्हरमधे आता पाणी शिरणार. हा बदलायचाच आहे. उद्याच्या पाहुण्यांना मी दुसरं कॉटेज देतोय, ह्या टबात कोण बसणार नाय. लाईट कधी येईल माहीत नाय. म्हणजे हा पाणी उद्यापर्यंत गार होणार, आणि मग मनीषा नळ सोडून ओढ्यात सोडून देणार. सगळा टब.”

“सगळा?” मावशी म्हणाली.

“सगळा.”

“तापलेला?”

“आता तापलेलाच आहे.”

ती उठली. एक हात भिंतीला लावला, दुसरा माझ्या खांद्याला. जिच्या घरी आंघोळीचं पाणी डोंगरातून डोक्यावरून येतं आणि लाकडं जाळून तापतं, तिला एवढं तापलेलं पाणी ओढ्यात सोडतात हे ऐकवेना. दिनेशदादांना हे माहीत होतं. किन्हवलीला त्यांच्याही घरी तसंच असणार. मला अजून खात्री नाही, की त्यांनी ते ठरवून म्हटलं की नुसतं खरं होतं ते सांगितलं. मी विचारलं नाही.

“उघड गो,” मावशी म्हणाली. “बघत काय बसलीस?”

मधल्या घडीत अडकलेल्या गारा मी टॉवेलने पुसून घेतल्या. पट्टे सोडले. न फाटलेला अर्धा आधी उचलला आणि फाटलेल्यावर दुमडला, म्हणजे फट मधे झाकली जाईल आणि त्यात पाणी जाणार नाही. एकसुद्धा गार पाण्यात पडली नाही. वाफ निघाली आणि सगळ्या ओट्यावर पसरली, त्या पांढऱ्या ढिगांवरून. दिनेशदादा “मी बाहेर आहे” म्हणून कॉटेजच्या पुढच्या पडवीत जाऊन पाठ करून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेंज आल्यावर मावशीने स्वतः दिनेशदादांच्या फोनवरून मॅडमना सगळं सांगितलं, आणि मग तिची गाडी पकडली. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, पाणी कसं होतं. फाटलेलं झाकण तिने मागून घेतलं. उंबरमाळीला तिच्या मुलीच्या घरामागे आता त्याचा अर्धा भाग जळणाच्या लाकडांवर आहे. मी बाळ बघायला गेले तेव्हा पाहिला. सुपं पुन्हा भिंतीवर टांगली आहेत. एकाच्या रंगातला एक माणूस पुसला गेलाय, त्याबद्दल अजून कोणी तक्रार केलेली नाही. पण मला शेवटी सांगायचंय ते त्या संध्याकाळचंच.

निळी साडी नेसून मावशी माझा हात धरून एकेक पायरी खाली उतरली. पाणी गुडघ्यापर्यंत आलं तेव्हा ती थांबली. कमरेपर्यंत आलं तेव्हा तिने माझा हात सोडला. मग आतल्या बाकावर बसली आणि पाणी गळ्यापर्यंत आलं. मला वाटलं, आता ती डोळे मिटेल. पाहुणे मिटतात. तिने मिटले नाहीत. ती दुमडलेल्या झाकणाकडे बघत होती, त्याच्या कडेच्या आतल्या बाजूला.

“मने, इथे खालून पुसायचा राह्यलाय गो. वरून दिसत नाय. आत बसल्यावर दिसतो.”

“मी पुसते मावशी. तू बस.”

ती बसली. गुडघे पाण्यात हळूहळू सरळ केले, एक, मग दुसरा. मी ओट्याच्या कडेला पाय सोडून बसले होते. आभाळ मोकळं झालं होतं आणि डोंगर धुतल्यासारखा दिसत होता. मग तिने पाण्यातून हात काढून माझ्यापुढे धरला.

“दे गो थोड्या.”

मला आधी कळलं नाही. तिने बोटाने सुपाकडे दाखवलं. सुपात शेवटच्या गारा राहिल्या होत्या. मी तिच्या ओंजळीत घातल्या. गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसून ती एकेक गार तोंडात टाकत होती आणि चावत होती, लहान मुली चावतात तशी, आवाज करत.

“दिनेश!” तिने एकदम हाक मारली. “आहेस का रे?”

“आहे मावशे.” पडवीतून आवाज आला.

“कोयत्याने कव्हर फाडला, बरोबर. तो माझा चुकला. पण गारा थांबल्या का नाय?”

छपरावरून एक शेवटची गार घरंगळत आली आणि ओट्यावर टपकन पडली.

“थांबल्या मावशे,” दिनेशदादा म्हणाले. “थांबल्या.”